डबल डाय पारखायला सराफ बाजारातला आयग्लास घ्यावा की ऑनलाइनचा मायक्रोस्कोप?

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागून. डबल डायचं, म्हणजे ठशातच चित्र दोनदा कोरलं गेल्यानं दुहेरी कडा आलेलं, खरं नाणं आणि यंत्राच्या धक्क्यानं दुहेरी दिसणारं साधं नाणं यांतला फरक ओळखायचा असेल, तर तीन भिंगांचा टेन एक्सचा आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं दहा पट मोठं दाखवणारं भिंग, घ्या. जळगावच्या सराफ बाजारात तो मला साडेआठशे रुपयांना मिळाला. ऑनलाइन मागवलेला, खोक्यावर ‘१००० एक्स’ छापलेला यूएसबी मायक्रोस्कोप, म्हणजे लॅपटॉपला जोडून पडद्यावर बघायचा, पंधराशेच्या आसपास पडला. तो फोटो काढायला चांगला आहे, पारखायला नाही. दोन्ही वस्तू मी एकाच टेबलावर, त्याच त्या नाण्यांवर रोज वापरतो, म्हणून खात्रीनं लिहितो.

माझं काम सोन्याच्या डागांचे, म्हणजे दागिन्यांचे, पोलादी ठसे करण्याचं. पत्रा ठशावर ठेवून दाबला की पानं, फुलं, पाकळ्या उठतात. तो ठसा कोरणं, कडक करणं, घासून दुरुस्त करणं हा आमचा धंदा. दिवसभर डोळ्याला आयग्लास असतो. नाण्यांचा नाद वडिलांकडून आला. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात राणीछाप रुपये, शिवराया (मराठेशाहीची तांब्याची नाणी), भोकाचे पैसे असायचे आणि पावसाळ्यात ते सगळे काढून आमच्यासमोर मांडायचे. त्यामुळे नाणं हातात आलं की मला आधी त्याचा ठसा दिसतो, आणि डबल डाय हे प्रकरण मुळात ठशाचंच आहे.

हल्ली आपल्याकडच्या नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक तरी फोटो येतो. दोन किंवा पाच रुपयांचं नाणं, सालातल्या एखाद्या आकड्याभोवती लाल गोल, आणि खाली प्रश्न: ‘डबल डाय आहे का? किती मिळतील?’ हे फोटो बहुतेक याच जातीच्या मायक्रोस्कोपनं काढलेले असतात. फोटोत आकड्याला खरंच दोन-तीन कडा दिसतात. नाणं प्रत्यक्ष हातात घेऊन आयग्लासखाली धरलं की त्यातल्या निम्म्या कडा नाहीशा होतात, आणि उरलेल्या यंत्राच्या निघतात. पोरं मात्र तोवर कुणाला तरी पैसे देऊन बसलेली असतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय.

ठसा कसा होतो हे कळलं की अर्धी पारख तिथंच होते. टांकसाळीत आधी नाण्याच्या चित्राचा एक उठावदार मूळ ठसा करतात, त्याला हब म्हणतात. तो मऊ पोलादाच्या तुकड्यात दाबला की खोलगट ठसा तयार होतो, तोच डाय. पूर्वी एका दाबात चित्र पूर्ण बसायचं नाही, कारण दाबामुळे पोलाद घट्ट होतं. मग तो तुकडा तापवून पुन्हा मऊ करायचा आणि त्याच हबखाली दुसऱ्यांदा दाबायचा. या दुसऱ्या वेळी तो केसभर फिरला, किंवा बाजूला सरकला, किंवा किंचित वेगळ्या चित्राच्या हबखाली गेला, तर एकाच डायमध्ये दोन चित्रं कोरली जातात. आमच्या कामातही खोल नक्षी एका दाबात बसत नाही; तापवून पुन्हा बसवावी लागते, आणि खुणेला खूण लागली नाही की पाकळीला दोन कडा येतात. असा ठसा आम्ही मोडीत टाकतो. टांकसाळीत तो नजरेतून सुटला आणि कडक होऊन प्रेसवर चढला, तर त्यातून निघणारं प्रत्येक नाणं तीच दुहेरी कडा, त्याच जागी, तेवढ्याच अंतरानं घेऊन येतं. खऱ्या डबल डायची ही सगळ्यात पक्की खूण.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९५५ चा लिंकन सेंट, म्हणजे लिंकनचं चित्र असलेलं एक सेंटचं नाणं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत असा एक डाय प्रेसवर चढला. चूक लक्षात आली तेव्हा ती नाणी बाकीच्या ढिगात मिसळून गेली होती, आणि साधारण वीस ते चोवीस हजार नाणी बाहेर गेली असं मानतात. त्यातली बरीचशी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हातात पडली: पाकीट तेवीस सेंटचं, मशीनमध्ये टाकायचं पंचवीस सेंटचं नाणं, म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घालून द्यायचे. त्या नाण्यावर साल आणि अक्षरं इतकी दुहेरी आहेत की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लिंकनचा चेहरा मात्र जवळजवळ साधाच आहे. डाय मध्याभोवती फिरला होता, त्यामुळे कडेची अक्षरं जास्त सरकली आणि मधलं चित्र कमी. पुढं १९७२ चा सेंटही असाच ठळक निघाला, १९८३ च्या सेंटवर मागची बाजू दुहेरी आली, १९८४ च्या सेंटवर लिंकनच्या कानाला दुसरी पाळी दिसते, आणि १९९५ च्या सेंटवर ‘लिबर्टी’ व ‘इन गॉड’ ही अक्षरं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या टांकसाळीनं एकाच दाबात डाय करायची पद्धत आणली. त्यानंतरचे दुहेरी डाय बहुतेक तुकडा तिरपा बसल्यामुळे होतात, बारीक असतात आणि नाण्याच्या मध्याजवळ सापडतात.

यंत्राच्या धक्क्याचा प्रकार याहून निराळा. तिथं डाय निर्दोष असतो. तो प्रेसमध्ये जरा सैल बसलेला असतो, किंवा ठोका पडल्यावर वर उचलताना थरथरतो, आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू घासून जातो. ओल्या मातीत पाऊल उमटलं आणि पाय उचलताना टाच घसरली तर ठशाच्या कडेला जी सपाट पायरी होते, तशी पायरी अक्षराच्या बाजूला तयार होते. नवीन काही उमटत नाही. आहे त्याच अक्षराची कड चेपली जाते. म्हणून अक्षराची एकूण रुंदी वाढत नाही, उलट वरचा मूळ भाग बारीक होतो. आणि पुढच्या ठोक्याला डाय वेगळा हलला तर पुढच्या नाण्यावर पायरी वेगळी, किंवा पायरीच नाही. अशा नाण्याला त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे.

आता वस्तूंकडे येतो.

सराफ बाजारात कारागिरांना लागणारी हत्यारं विकणारी दुकानं आहेत. कानशी, चिमटे, मुशी, टाकणखार, तार ओढायच्या पट्ट्या यांच्या गर्दीत काचेच्या एका खणात आयग्लास असतात. मी घेतला ते दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. मालकांनी चार-पाच आयग्लास गादीवर ओतले आणि म्हणाले, ‘भाऊ, दाराशी जाऊन उजेडात बघा, मग बोला.’ हे मला फार आवडलं. भिंग डोळ्याला लावल्याशिवाय घेऊच नये. ऑनलाइन तेच भिंग शंभर-दीडशेनं स्वस्त मिळेल, पण एकाच जातीच्या दोन नगांत फरक असतो आणि तो हातात घेतल्यावरच कळतो.

निवडायचं कसं? खिशात आलेख कागदाचा एक तुकडा ठेवा. भिंगातून त्याच्या चौकटी बघा. मधल्या रेघा सरळ आणि कडेच्या वाकलेल्या दिसल्या तर ते भिंग ठेवून द्या. रेघांच्या बाजूला निळी-तांबडी झालर दिसली तरीही नको, कारण तीच झालर नाण्यावरच्या अक्षराला दुसरी कड असल्यासारखी दिसते. तीन भिंगं एकमेकांना चिकटवून केलेल्या आयग्लासमध्ये ही झालर जवळजवळ नसते. एकाच भिंगाच्या स्वस्त आयग्लासमध्ये हमखास असते.

दुसरी गोष्ट, ‘३० एक्स’ छापलेले घडीचे आयग्लास. शंभर-दोनशे रुपयांत मिळतात आणि नवीन मंडळी आकडा बघून तेच उचलतात. खरं-खोटं तपासायला सोपी युक्ती आहे. भिंग तळहातावर धरा आणि लांबच्या खिडकीचं प्रतिबिंब तळहातावर स्पष्ट पडेपर्यंत वर-खाली करा. भिंगापासून हातापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २५० ला त्यानं भागा. जो आकडा येईल तेवढी त्याची ताकद. टेन एक्सचं अंतर २५ मिलिमीटर यायला हवं, म्हणजे साधारण एक इंच. तीस एक्सचं खरं भिंग आठ मिलिमीटरवर चित्र पाडेल. मी तपासलेल्या ‘३० एक्स’नं इंचाच्याही पुढं चित्र पाडलं, म्हणजे ते दहाचंसुद्धा नव्हतं.

मी घेतलेल्याची चौकट पोलादी आहे, भिंग १८ मिलिमीटरचं. एका नजरेत नाण्याचा चांगला मोठा भाग दिसतो, आणि डबल डायसाठी हेच महत्त्वाचं आहे. नुसत्या एका अक्षराची कड बघून काहीच ठरत नाही. दुहेरीपणा कुठून कुठं जातो ते बघावं लागतं. डाय फिरलेला असेल तर कडेची सगळी अक्षरं एकाच फेऱ्याच्या दिशेनं सरकलेली दिसतात. डाय बाजूला सरकला असेल तर वरची, खालची, डावी, उजवी सगळी अक्षरं एकाच दिशेला. ही दिशा पाहायला नाणं बोटांत फिरवता आलं पाहिजे, आणि एका हातात आयग्लास, दुसऱ्या हातात नाणं, हे त्याला सगळ्यात सोयीचं.

उजेड एकच ठेवायचा. मी टेबलावरचा दिवा डाव्या हाताला, अगदी खाली, नाण्याच्या पातळीपासून थोडाच वर ठेवतो आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करतो. मग नाणं हळूहळू फिरवायचं. यंत्राची पायरी सपाट असते, त्यामुळे एका ठरावीक कोनात ती सगळीच्या सगळी एकदम चकाकते आणि पुढच्या क्षणी विझते. खऱ्या दुहेरी अक्षराची दुसरी कड गोलसर असते, मूळ अक्षरासारखीच उठलेली, म्हणून उजेड तिच्यावरून सरकत जातो. मला विचाराल तर पारखीचा नव्वद टक्के भाग या एका हालचालीत आहे.

भाचा न्यू जर्सीत आहे. त्यानं तिथल्या एका विक्रेत्याकडून १९९५ चा खरा डबल डाय सेंट घेऊन पाठवला, आणि सोबत त्याच सालाचा एक साधा सेंट. दोन्ही शेजारी ठेवून ‘लिबर्टी’ बघितलं. खऱ्या नाण्यावर अक्षरं साध्यापेक्षा रुंद आहेत. अक्षराच्या टोकांना, जिथं दोन प्रतिमा एकमेकींपासून सुटतात, तिथं बारीक खाच दिसते. ही खाचेची खूण विसरू नका. यंत्राच्या पायरीत अशी स्वच्छ खाच येत नाही, कारण तिथं दोन प्रतिमा नसतातच. ज्याला हा विषय मनावर घ्यायचा आहे त्यानं असं एक स्वस्तातलं खरं नाणं जवळ ठेवावं. दहा चुकीचे फोटो बघण्यापेक्षा एक खरं नाणं बघितलेलं बरं.

मायक्रोस्कोपची तक्रार याच ठिकाणी सुरू होते. त्याच्या तोंडाभोवती आठ एलईडी गोलाकार बसवलेले आहेत. म्हणजे नाण्यावर आठ बाजूंनी उजेड. आपल्या स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत नाण्यावर तो पडला की प्रत्येक आकड्याच्या उतारावर वेगवेगळ्या एलईडीचं प्रतिबिंब उमटतं आणि पडद्यावर एका कडेच्या तीन कडा दिसतात. ग्रुपवर फिरणाऱ्या ‘डबल डाय’चा मोठा भाग इथंच जन्माला येतो. नाणं सपाट ठेवायचं, कॅमेरा वरून रोखायचा, म्हणजे नाणं फिरवून उजेड सरकवून बघायची सोयही जाते. सपाट पायरी आणि गोल कड, दोन्ही पडद्यावर सारख्याच पांढऱ्या रेघा.

आणि हजार एक्सचं काय? पोलादी पट्टी त्याच्याखाली ठेवून जास्तीत जास्त मोठं केलं तेव्हा लॅपटॉपच्या पूर्ण रुंदीत दीड मिलिमीटरच्या आसपास मावलं. पडदा एकतीस सेंटिमीटरचा. म्हणजे दोनशे पट. त्यापुढं बटण दाबलं तर चित्र फक्त ताणलं जातं, नवीन काही दिसत नाही. शिवाय नाण्यावरचं एक अक्षरच एवढ्या जागेत बसतं. शेजारचं अक्षर कुठं सरकलंय ते कळायला मार्ग नाही. नाण्यासाठी वीस-तीस पटीच्या वर जायची मला कधी गरज पडली नाही.

प्लॅस्टिकचं स्टँड आणखी एक डोकेदुखी. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची रबरी पकड सैल झाली आणि कॅमेरा आपोआप खाली सरकायला लागला. टेबलाला हात लागला तरी चित्र थरथरतं. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं नाही. लोखंडी स्टँड वेगळं घेतल्यावर काम भागलं, पण तो खर्च किमतीत धरावा लागेल.

एवढं असूनही त्याचे गुण सांगायला हवेत. फोटो फार स्वच्छ निघतात. चाकानं एलईडी पूर्ण बंद करता येतात. ते बंद करून माझाच डावीकडचा दिवा खालून लावला तेव्हा पडद्यावर जवळजवळ आयग्लासइतकंच खरं दिसलं. एलईडीवरच काढायचं असेल तर तोंडाभोवती पातळ पांढऱ्या टिश्यूचा एक थर गुंडाळावा, उजेड पसरतो आणि खोट्या कडा बऱ्याच कमी होतात. ज्यांची नजर आता साथ देत नाही त्यांना पडद्यावर बघणं सोपं जातं. अमळनेरचे माझे एक ज्येष्ठ स्नेही बँकेत रोखपाल होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते असंच बघतात, आणि त्यांची पारख माझ्यापेक्षा सरस आहे.

त्यांनीच मला जोडीची पद्धत शिकवली. संशयाचं नाणं आलं की ते आपल्या थैल्यांतून त्याच सालाची, त्याच टांकसाळीची नाणी काढतात. आपल्या नाण्यांवर सालाखालची खूण बघावी: मुंबईचा चौकटीसारखा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची खूण नसते. तीच दुहेरी कड, त्याच जागी, तेवढ्याच अंतरानं दुसऱ्या नाण्यावर सापडली तर विषय पुढं न्यायचा. नाही सापडली, आणि कड सपाटही आहे, तर नाणं परत थैलीत. इतकी वर्षं पैसे मोजलेल्या माणसाची ही शिस्त नवीन पोरांनी उचलावी असं मला फार वाटतं.

चोपड्याकडचा एक कॉलेजचा मुलगा मध्यंतरी घरी आला. आठवडे बाजारात एका विक्रेत्याकडून त्यानं पाच रुपयांचं एक नाणं दोन हजारांना घेतलं होतं. कागदावर ठेवून म्हणाला, ‘काका, हाई डबल डाय शे ना?’ मी काही बोललो नाही. आयग्लास त्याच्या हातात दिला, दिवा खाली केला, शेजारी खिशातलं तसंच एक नाणं ठेवलं आणि फिरवायला सांगितलं. बराच वेळ बघून तो स्वतःच म्हणाला, ‘सपाट शे, काका.’ मग त्यानं पाचचा आकडा दोन्ही नाण्यांवर पट्टीनं मोजायचा प्रयत्न केला. रुंदी तेवढीच. दोन हजार गेले, पण त्या मुलाची नजर तयार झाली. आता ग्रुपवर कुणाचा फोटो आला की पहिला प्रश्न तोच विचारतो: ‘साधं नाणं शेजारी ठेवलं का?’

झिजेचं वेगळं सांगायला हवं, कारण इथं दोन झिजा आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक नाण्याची झीज. आपल्या घराघरांतले राणीछाप रुपये बघा. गळ्यात, गाठीत, डब्यात घासून राणीचा गाल आणि केस सपाट झालेले असतात. अक्षरांचे उंच भाग आधी जातात आणि कडा बसक्या होतात, कधी एका बाजूला ओघळल्यासारख्या दिसतात. तिला दुसरी कड म्हणू नये. तिला आकार नसतो, खाच नसते, आणि आजूबाजूची सपाट जागाही तशीच घासलेली असते. दुसरी झीज डायची. एकच डाय लाखो ठोके मारून थकला की त्याच्या खोलगट अक्षरांच्या कडा उघडतात आणि धातू बाहेरच्या बाजूला वाहतो. मग नाण्यावरची अक्षरं नाण्याच्या कडेकडं फुगतात, धूसर होतात, आणि मोकळ्या जागेत संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. आपल्या पोलादी नाण्यांवर हे बरंच दिसतं, कारण पोलाद कठीण असतं आणि डाय लवकर थकतो. अशा नाण्यावर दुहेरीपणा दोन्हीकडं किंवा बाहेरच्या दिशेनं पसरलेला असतो, त्याची रेघ स्वच्छ नसते.

अमेरिकेतही हाच घोळ झाला. १९५५ च्याच सेंटचा एक थकलेल्या डायचा प्रकार आहे. त्यात सालातला शेवटचा पाच दुहेरी दिसतो. त्याला तिकडं ‘गरिबाचा डबल डाय’ म्हणतात, आणि त्याची किंमत खऱ्या १९५५ च्या जवळपाससुद्धा जात नाही. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा १९६९ चा सेंट हा दुसरा सापळा. त्याचा खरा डबल डाय फार दुर्मिळ आहे, पण त्याच टांकसाळीच्या त्याच सालाच्या नाण्यांवर यंत्राचा धक्का मात्र भरपूर सापडतो. त्या सालाची बनावट दुहेरी नाणीही निघाली होती, आणि त्या भानगडीत सुरुवातीला काही खरी नाणीसुद्धा बनावट चलन पकडणाऱ्या तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं जप्त केली. म्हणून कुणी तुम्हाला १९६९ चा सेंट दाखवून लाखाची भाषा केली तर आधी आयग्लास बाहेर काढा.

शिवराईबद्दल दोन शब्द, कारण धुळे-जळगावकडं ती अजून बऱ्याच घरांत निघते. तिच्यावर कधी ‘श्री’ दोनदा दिसतो. तो डबल डाय नव्हे. शिवराई हातानं हातोड्याचा घाव घालून पाडलेली. पहिल्या घावाला नाणं सरकलं आणि दुसरा घाव पडला की चित्र दोनदा उमटतं. तिथं दोष ठशात नाही, घावात आहे, म्हणून दोन शिवरायांवर तो कधी सारखा नसतो. शिवराईला त्यासाठी चढा भाव सांगणाऱ्याला हात जोडून नकार द्यावा. शिवराईची किंमत तिच्या अक्षरांत आणि तिच्या जातीत आहे.

एक कळकळीची विनंती. बघण्याआधी नाणं चिंचेनं, राखेनं, भांड्याच्या पावडरीनं घासू नका. पायरी सपाट आहे की गोल, हे सांगणारा पृष्ठभागच त्यात निघून जातो, आणि मग माझ्यासारख्या ठसेवाल्यालाही काही सांगता येत नाही. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडानं टिपा.

आयग्लास साफ करतानाही तीच काळजी. तो थिनरमध्ये, ॲसिटोनमध्ये किंवा दागिने धुवायच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकू नका. तिन्ही भिंगं ज्या डिंकानं चिकटवलेली असतात तो सुटतो आणि आत दुधाळ डाग पडतो. फुंकर मारून धूळ उडवा, मग मऊ सुती कापड.

विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच: बजेट एकाच वस्तूचं असेल तर आयग्लास, आणि उरलेल्या पैशांत एक वाकवता येणारा टेबलाचा दिवा. दोन्ही परवडत असेल तर पुढं लोखंडी स्टँडचा मायक्रोस्कोप, एलईडी बंद करता येणारा. आकडा हजार आहे की दोन हजार याकडं लक्षही देऊ नका. ज्यांनी आधीच मायक्रोस्कोप घेतलाय त्यांनी तो वापरावा, पण ग्रुपवर फोटो टाकताना दोन फोटो टाकावेत, दिवा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि चौकटीत त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं साधं नाणं शेजारी ठेवावं. असा फोटो आला की मी नक्की उत्तर देतो, आणि आमच्या ग्रुपवरची जाणकार मंडळीही देतात.